पांढऱ्या मातीच्या चुली

माझा भाऊ झोपेत लिंपायचा. वैशाखातल्या दुपारी मेहरूणच्या त्या घरात आम्ही सगळे आडवे झालेलो असायचो. दाराला ओलं गोणपाट टांगलेलं, बाहेर उन्हाचा नुसता जाळ, आणि पितांबरभाऊ गुंडाळलेल्या गादीला टेकून बसल्याबसल्या झोपलेला. आडवं झालं की त्याला श्वास पुरत नसे. अशात त्याचा उजवा हात हळूच उठायचा आणि भिंतीवरून फिरू लागायचा. वरून खाली, मग अर्धगोल, मग अंगठ्यानं कड दाबून. बघता बघता मलाही पेंग यायची आणि वाटायचं, ही भिंत ओली आहे, गरम आहे, तिच्या पलीकडे काहीतरी धडधडतंय. कुंदावहिनी पंखा हलवत म्हणायची, "ते मिलमा गयात." आणि आम्ही दोघी हसायचो.

मिल म्हणजे धुळ्याची पोलादाची मिल. भंगार लोखंड तापवायचं आणि त्याच्या सळया ओढायच्या, असा तिथला धंदा. बहात्तरच्या दुष्काळात ती बंद पडली आणि भाऊ बिऱ्हाड घेऊन जळगावला, या मेहरूणला आला. मिलमध्ये त्याचं काम भट्टीला आणि वाफेच्या नळांना लेप लावायचं. पोत्यांतून एक पांढरी माती यायची, हाताला मऊ, पिंजलेल्या कापसासारखी. ती टपात ओतायची, पाणी घालून मळायची आणि तळहातानं नळांवर थापायची, म्हणजे आतली धग आत राहते. तिचं खरं नाव अ‍ॅस्बेस्टॉस. ते आम्ही फार उशिरा ऐकलं. मिलमध्ये सगळे तिला नुसती 'पांढरी' म्हणायचे.

लिंपणं हे आमच्याकडे बायकांचं काम. बाकीचे कामगार भाऊला चिडवायचे, लुगडं नेसून ये म्हणायचे. भाऊ हसायचा. धरणगावला आईच्या बरोबरीनं तो घर सारवत वाढलेला, त्याच्या हाताला ती ओढच होती. संध्याकाळी तो मिलमधून परतायचा तेव्हा भुवया, कानातले केस, सदऱ्याच्या घड्या, सगळं पांढरं. अंगणात उभा राहून तो सदरा झटकायचा आणि उतरत्या उन्हात ते कण बराच वेळ तरंगत राहायचे, खाली यायचं नावच घ्यायचे नाहीत. मी आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माहेरी आले की ओसरीवर बसून ते बघायची. खोटं कशाला बोलू, मला ते फार सुंदर दिसायचं.

आता वहिनीची चूल सांगते, म्हणजे पुढचं कळेल. वहिनीच्या हातच्या मांड्यांना पाच गावांत तोड नव्हती. खापर म्हणजे चुलीवर पालथं घातलेलं मातीचं मोठं भांडं. त्यावर हातांवर फिरवत फिरवत परातीएवढी केलेली पुरणाची पोळी अलगद सोडायची. त्याला चूल एकसारखी तापलेली लागते. साध्या मातीची चूल तडकते, एका बाजूनं जास्त पेटते, आणि मांडा करपला की करणारीचं नाक कापलं जातं. एकदा भाऊनं पोत्याच्या तळाशी उरलेली थोडी पांढरी घरी आणली. मुकादमच म्हणाला होता, ने, टाकूनच द्यायची आहे. वहिनीनं ती चिकणमातीत कालवून चूल लिंपली. वर्षभर एक भेग नाही! मांडे असे उतरायला लागले की जळगावच्या चंदनबाई शेटाणीकडून लग्नाचे मांडे करायला बोलावणं आलं.

मग काय, आखाजी आली की आमच्या घरी बायकांची रीघ. भाऊही मग पोत्यांचे तळ झाडून पांढरी आणत राहिला. आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, आणि त्याआधी घराघरांत चुली नव्यानं लिंपतात. वहिनीनं एक रीतच पाडली. जुना लेप खरवडून काढायचा, वाळवून कुटायचा, लुगड्याच्या पदरातून चाळायचा आणि नव्या मातीत मिसळायचा. जिच्या घरी पांढरी नाही तिला पुरचुंडी बांधून द्यायची. सासरी परत निघालेल्या प्रत्येक पोरीच्या पिशवीत सांडगे, कुरडया आणि एक पुरचुंडी. माझ्याही पिशवीत. रावेरला माझ्या सासूनं आयुष्यात माझं एकदाच कौतुक केलं, ते त्या चुलीपायी.

भाऊला आधी खोकला लागला, मग दम. जळगावच्या डॉक्टरनं छाती ठोकली आणि क्षय सांगितला. सुया सुरू झाल्या, भाऊ काही सुधारेना. पण क्षय हा शब्द गल्लीत पसरला. शेजारी त्याच्या हातचं पाणी घेईनात. सुनंदाचं, म्हणजे त्याच्या लेकीचं, जमलेलं लग्न मुलाकडच्यांनी मोडलं. निरोप सांगायला आलेला माणूस ओसरीवरसुद्धा टेकला नाही, उभ्याउभ्या बोलून गेला. त्या दिवसापासून भाऊचं एकच.

"माले क्षय नही शे, पुष्पा. भट्टीनं खादं माले. कोणी तरी तसं सांगा ना."

हे सांगायला निघाला चंदनबाईंचा मुलगा अभयकुमार. नवाच वकील, उन्हाळ्यातही काळा कोट सोडायचा नाही. आईनं मांडेवाल्या कुंदामावशीचं दुखणं कानावर घातलं म्हणून तो भाऊला धुळ्याच्या एका छातीच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. त्या डॉक्टरनं फोटो काढला, उजेडासमोर धरला आणि विचारलं, हा माणूस कुठे काम करत होता? क्षयाचं चिन्ह त्याला दिसेना. फुप्फुसं धुळीनं कडक झालीत, म्हणाला.

आम्ही तिघं अभयकुमारच्या कचेरीत बसलो होतो तेव्हा त्यानं समजावलं. "कामगारांच्या नुकसानभरपाईच्या कायद्यात हा रोग आहे. कामामुळे जडला हे पटलं तर मालकाला भरपाई द्यावीच लागते, मिल बंद असली तरी. धुळ्याला कमिशनरसाहेबांसमोर दावा लावू. अडचण एकच. त्यांचा वकील म्हणेल, रोग दुसरीकडून आला. तसं दुसरं काही आहे का? दगडखाण? कापसाचं जिन?"

"काही नही," भाऊ म्हणाला.

 वहिनीनं हळूच विचारलं, "वकीलसायेब, ती पांढरी ओली ऱ्हायनी तं काही करत नही का?"

"ओली असेल तर उडत नाही. कोरडी झाली, खरवडली, कुटली, की श्वासात जाते. आत गेली की बाहेर येत नाही. आणि लगेच कळतही नाही, वर्षं जातात."

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. मला माझी रावेरची चूल डोळ्यांसमोर दिसली, तिच्यापुढे बसलेली माझी धाकटी लेक दिसली, आणि मी नजर वळवली. वहिनीनं मग सगळं सांगितलं. चूल, चाळण, पुरचुंड्या. अभयकुमारनं चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला.

"खोटं बोला असं मी सांगणार नाही," तो शेवटी म्हणाला. "पण न विचारलेलं बोलायलाच हवं असंही नाही. त्यांना हे माहीत नाही. कळलं तर ते म्हणतील, रोग घरच्या चुलीनं दिला, मिलचा काय संबंध? आणि दावा तिथेच बसेल."

सुनावणीची तारीख आखाजीच्या जरा आधीची पडली आणि तिथेच सगळा घोळ झाला. निकाल यायला महिने लागणार. तोवर गप्प बसायचं तर आखाजी येणार, आणि धुळ्यापासून रावेरपर्यंत बायका जुने लेप खरवडून पदरातून चाळायला बसणार, मांडीवर पोरं घेऊन. बोलायचं तर भाऊचा दावा जाणार.

वहिनीनं आधी गुपचूप मार्ग काढून पाहिला. शेजारच्या मंजुळाबाईला म्हणाली, यंदा पांढरी वापरू नको, विषारी आहे. मंजुळाबाई कमरेवर हात ठेवून हसली.

"आते माटी बी विखारी व्हयनी का? तुले पांढरी देवानी नही तं तसं सांग ना, कुंदा."

झालं. करायला गेली एक अन् झालं भलतंच. दोन दिवसांत गल्लीत बोलवा, कुंदाबाई चिक्कू झाली, मांड्यांची कला एकटीकडेच ठेवायची आहे तिला. उलट ज्यांच्याकडे जुनी पांढरी होती त्यांनी ती जपून ठेवली.

सुनावणीसाठी मी मेहरूणलाच थांबले होते, माझं वहिनीशी वाजलं ते त्याच सुमारास, विहिरीवर. मी तिला सरळ म्हणाले, "भाऊना जीव जाई ऱ्हायना नि तुले चुलीसनी पडेल शे! गप ऱ्हाय. निकाल लागू दे, मग सांगजो बठ्ठ्यासले."

"तवलोंग तुनी पोर चुलीपुढे बसी ना, पुष्पा."

मी भरलेली घागर तशीच टाकून घरी आले. तिचं खरं होतं म्हणून मला जास्त राग आला. माझा भाऊ चटईवर बसून भिंत लिंपत होता, त्याला जगात एवढंच ऐकायचं होतं की तो वाळीत टाकण्यासारखा नाही, आणि ही बाई न्याय करायला निघाली होती. असं वाटलं की हिला कोंडून ठेवावं, सुनावणी होईपर्यंत.

धुळ्याला एसटीनं गेलो. कमिशनरसाहेबांची खोली उंच छताची होती, पंखा इतका सावकाश फिरत होता की त्याची पाती मोजता यावीत, आणि वरच्या झरोक्यात पारवे घुमत होते. रात्रभर झोप नव्हती. मला सगळं पाण्याखालून दिसल्यासारखं दिसत होतं. डॉक्टर येऊन बोलून गेले. मिलचा एक जुना फिटर येऊन बोलून गेला, हो म्हणाला, पितांबर दिवसभर त्या धुळीतच असायचा. भाऊ बाकावर दोन्ही हात टेकून बसला होता आणि प्रत्येक वाक्याला मान हलवत होता. त्याच्या बाजूनं कोणीतरी इतकं बोलतंय हे त्याला नवीनच होतं.

मग वहिनीला उभं केलं. अभयकुमारनं तिला कपड्यांचं विचारलं, खोकला कधी लागला ते विचारलं आणि बसला. मिलचा वकील उठला. तो काही वाईट माणूस नव्हता, उन्हानं कंटाळलेला होता. विडी ओढत होते का? नाही. दारू? नाही. मग जाता जाता, खाली बसता बसता त्यानं विचारलं, "घरी चूल आहे ना? धूर होतच असेल चुलीचा."

नाही म्हणायचं होतं. नुसतं नाही. अभयकुमार टेबलावरच्या आपल्या बोटांकडे पाहत होता. मी मनातल्या मनात आईला, आखाजीच्या गौराईला, सगळ्यांना हाक मारली.

"धूर नही, सायेब," वहिनी म्हणाली. "चूल. चूलच विखारी शे."

आणि तिनं सांगायला सुरुवात केली. ती पांढरी मिलमधून घरी कशी आली, तिनं ती कशी कुटली, कशी चाळली, चाळताना उन्हात ती कशी उडायची, पोरी कशा हसायच्या. कोणाकोणाला पुरचुंड्या गेल्या त्यांची नावं घेतली. धुळ्यात देवपूर, धरणगाव, मेहरूण, रावेर. माझं नाव घेतलं. सुरुवातीला लिहिणाऱ्या कारकुनाचा हात थांबला, तसं ती त्याच्याकडे वळली.

"बठ्ठं लिखी ल्या, भाऊ. मन्ही गोट कोणी मानत नही. आठे लिखं तं मानतीन."

 मी भाऊकडे बघायचं धाडस केलं. तो वहिनीकडे पाहत होता, लग्नात अंतरपाट खाली येताना पाहिलं असेल तसा. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मग त्याला खोकला आला आणि शिपायानं पाणी आणलं.

परतीच्या एसटीत मी वहिनीच्या शेजारी बसले नाही.

पण तिचं म्हणणं खरं झालं. गल्लीत सांगितलेलं वाऱ्यावर जातं, कोर्टात सांगितलेलं घरोघरी जातं. आम्ही मेहरूणला पोचायच्या आधी बातमी पोचली होती. पहिली आली ती मंजुळाबाई, पदर डोळ्यांना लावून. चूल मोडायची तर कशी, विचारत होती. आमच्याकडे चूल मोडणं म्हणजे घरात मरण झाल्यासारखं. सणाच्या तोंडावर तर कोणी तसं बोलतही नाही. वहिनीनं सांगितलं, आधी पाण्यानं चिंब भिजव, ओल्या गोणपाटात बांध, खोल खड्ड्यात पूर.

मी रागातच रावेरला गेले आणि माझी चूल मी स्वतः भिजवली. सासू ओरडत राहिली. घागरीवर घागर ओतत होते आणि पांढरा लेप फुगून हळूहळू खाली बसत होता, रडत मी होते. त्या आखाजीला रावेरच्या आमच्या आळीत झोके बांधले, पण चुली कुठेच नव्हत्या. बायकांनी केळीच्या बागेच्या कडेला तीन दगड मांडून खापरं पालथी घातली. उघड्यावर वारा होता, जाळ एकीकडे पळत होता, निम्मे मांडे करपले. पोरी झोक्यावर गात होत्या आणि आम्ही करपलेले मांडे दुधात बुडवून खात होतो, जणू असंच करायचं असतं. असा सण मी पुन्हा पाहिला नाही. माझा राग तिथे कधी गळून पडला, मला कळलंही नाही.

निकाल कापसाच्या वेचणीत लागला. मी मेहरूणला होते. अभयकुमार स्वतः आला, ओसरीवर बसला, आणि वहिनीनं दिलेलं पाणी पिऊन मग कागद काढला. दावा फेटाळला होता. रोग मिलमधूनच जडला, घरातून नाही, असं खात्रीनं म्हणता येत नाही. आम्ही सगळे खाली बघत होतो.

"पुढे ऐका," तो म्हणाला. "साहेबांनी लिहिलंय की अर्जदाराला क्षय नाही, कधीही नव्हता. त्याची छाती अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीनं बिघडली आहे."

भाऊनं ते परत वाचायला लावलं. मग म्हणाला, जरा मोठ्यानं वाचा. अभयकुमार उभा राहिला आणि गल्लीकडे तोंड करून, कोर्टात बोलतात तसा, खणखणीत वाचू लागला. मंजुळाबाई दारात आली, तिच्यामागून आणखी कोणी कोणी आले. भाऊनं डोळे मिटले होते आणि त्याच्या गालावरून पाणी वाहत होतं. दावा हरलेल्या माणसाला इतकं सुखी मी कधी पाहिलं नव्हतं. वरच्या कोर्टात जायचं का, अभयकुमारनं विचारलं, तर त्यानं नुसता हात हलवला.

तेवढ्यात वहिनीला खोकला आला. कोरडा, बारीक. ती आत जायला वळली, पण थांबेना. तो आवाज आम्हाला सगळ्यांना ओळखीचा होता. भाऊनं डोळे उघडले.

"कवयपासून शे हाई?"

वहिनी तशीच आत गेली. सुनंदा म्हणाली, आखाजीपासून, पण आई कुणाला सांगू नको म्हणते.

"मावशींचाही फोटो काढू," अभयकुमार म्हणाला. त्याचा तो खणखणीत आवाज कुठे गेला कोण जाणे.

"नि हिना दावा?" भाऊनं विचारलं. "कायद्यामा हिले काय शे?"

अभयकुमार कागदाची घडी घालत राहिला. कायदा पगार घेणाऱ्या कामगारासाठी आहे, त्यानं सांगितलं. मावशी मिलमध्ये कामाला नव्हत्या. त्यांना हे मिलनं दिलेलं नाही, असंच म्हणतील. त्यांच्यासाठी दावा लावायचा तर कोणावर लावायचा, हाच प्रश्न आहे.

भाऊ बराच वेळ श्वास गोळा करत बसला. मग भिंतीला धरून उठला. उठू नको म्हणून आम्ही धावलो, त्यानं आम्हाला बाजूला सारलं आणि वकिलासमोर ताठ उभा राहिला.

"ती माटी मी आणी घरमा," तो म्हणाला. "मन्हावर दावा लावा, वकीलसायेब."

तो चेष्टा करत नव्हता.  वहिनी पदरानं तोंड पुसत दारात आली, त्याचा हात धरून तिनं त्याला खाली बसवलं, त्याच्या पाठीमागे गादी नीट केली.

"नि साक्षीले कोण उभं ऱ्हाई? मीच ना?" ती म्हणाली. "लावा दावा. या येळले मी खोटं बोलसू."